घरी विचारा

"निकिताचं नाव कोणी काढलं?" गौरी उभ्याउभ्याच म्हणाली.

बबनरावांनी समोरची खुर्ची दाखवली. त्यांच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कूलर घरघरत होता. हंगाम संपला होता. बाहेर रिकाम्या पोत्यांवर कुत्री झोपली होती. "बसा न मॅडम. ऊन काय म्हणते?"

"बसायला आले नाही."

आर्णीच्या कॉलेजात गौरी भौतिकशास्त्र शिकवायची. राग आला की तिचा आवाज चढत नसे, उलट उतरत असे, आणि विद्यार्थी त्यालाच जास्त घाबरत. आज ती फारच हळू बोलत होती.

पाचगणीला मे महिन्यात मुक्त बाजाराच्या अर्थशास्त्राचं शिबिर भरत होतं. तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचा सगळा खर्च बबनराव उचलणार होते. मुलाखती झाल्या. गौरीचा मुलगा सलील पहिल्याच प्रश्नाला अडखळला. गौरीच्याच वर्गातली निकिता पहिली आली. गौरीनं तिला महिनाभर प्रयोगशाळेत बसवून मागणी, पुरवठा, किंमत यांवर वाद घालायला शिकवलं होतं. मुलाखतीत त्या पोरीनं बबनरावांनाच विचारलं, "काका, बाजार मोकळा हाये, तं मंग कापसाच्या हर्रासात बोली तुमच्याच भाच्यांची काहून असते?"

सगळे हसले होते. बबनरावही.

आणि आज सकाळी शिबिराच्या ऑफिसातून फोन. निकिताच्या जागी दुसरा विद्यार्थी येतोय. नाव तुमच्या देणगीदारांना विचारा.

"त्या प्रश्नाचा राग धरलात तुम्ही," गौरी म्हणाली.

"राग कायले? मले तं पोरगी तेव्हाच आवडली. मी नाई काढलं मॅडम. तिनंच सोडली जागा."

"खोटं. कोणाला बसवलंत तिथे?"

बबनरावांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "चांगल्या घरचा पोरगा हाये."

"चांगल्या घरचा म्हणजे पैसेवाल्याचा."

"तसा नाई. शिकल्यासवरल्या घरचा."

"मग तर अजूनच लाज वाटायला हवी त्याच्या बापाला. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून आपल्या पोराला भरवतो. आणि आई? तिला घरात काय चाललंय ते दिसत नाही?"

"नसन दिसत. कामात असतात बाया, बाप्पा."

"मी हे पेपरात देणार आहे. नावासकट."

"द्या न. पण त्याच्या आंधी घरी विचारा."

"विचारतेच," गौरी म्हणाली आणि दार लोटून बाहेर पडली.

तिची स्कूटी आठवडाभर मेकॅनिककडे होती. तिचा नवरा मधुसूदन रोज 'उद्या मिळेल' म्हणत होता. किल्ली तेवढी पर्समध्ये उगाच खुळखुळत होती. तिनं ऑटो केला आणि निकिताच्या गावाचं नाव सांगितलं. वाटेत नवऱ्याला फोन लावला. मधुसूदन त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. आख्ख्या गावाचा तो 'सर' होता.

"निकिताच्या घरी चाललेय. तिची जागा लाटली कोणीतरी."

"एवढ्या उन्हात? आधी घरी ये, बोलू."

मागून सलीलचा आवाज आला, "बाबा, स्वेटर कुठला घेऊ?"

"सुट्टीत नागपूरला चाललाय ना तो? मे महिन्यात स्वेटर?" गौरीनं विचारलं.

"आत्याकडे एसी आहे. ऐक, तू ये तर खरी."

तिनं फोन ठेवला. सगळ्यांना नंतर बोलायचं असतं.

या रस्त्यावरची एसटी बंद पडून वर्ष झालं होतं. निकिता फाट्यापर्यंत पायी यायची आणि मिळेल त्या गाडीला हात दाखवायची. कधी पहिला तास बुडायचा, कधी सगळा दिवस. बारावीनंतर हे कसं निभणार, याचं उत्तर तिच्या घरात कोणाकडेच नव्हतं. आणि अशा पोरीचं काढून घेतात, गौरीच्या मनात आलं, कारण हिच्याकडून कोणी भांडायला येणार नाही, हे त्यांना माहीत असतं.

अंगणात निकिताची आई बेबीताई तुरीची डाळ निवडत होती. "या मॅडम. पाणी घ्या. सर बरे हायेत न?"

"बरे आहेत. निकिता कुठंय?"

निकिता ओढणीला हात पुसत बाहेर आली. चेहऱ्यावर रडल्याची खूण नव्हती.

"कोणी धमकावलं तुला?"

"कोणी नाई मॅडम. मीच सोडली जागा. सौदा झाला, दोन्हीकून राजीखुशीनं."

"सौदा?" गौरीचा आवाज आणखी उतरला. "तू काय सोडलंस ते कळतंय तुला?"

"कळते न. तुमीच तं शिकवलं, ज्याची त्याची गरज किंमत ठरवते. मले पाचगणीच्या चार दिसांपेक्षा तीन वर्साचं कॉलेज मोठं वाटलं."

"आणि घेणाऱ्याची लायकी?"

"ते बाजार नाई विचारत," निकिता म्हणाली. मग जरा ओशाळून, "हेबी तुमीच सांगतलं होतं."

"नाव सांग मला त्या माणसाचं. आत्ता जाते त्याच्या दारात. तुझी अडचण बघून सौदा करतो, त्याला व्यवहार म्हणत नाहीत, निकिता. त्याला लुबाडणं म्हणतात. चारचौघांत विचारीन मी त्याला."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आमाले वाटलं, तुमी तेच द्याले आल्या," बेबीताई चाचरत म्हणाली.

"काय द्यायला?"

निकिता कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगाकडे गेली. तिनं ताडपत्री ओढून बाजूला केली आणि वळून हात पुढे केला.

"गाडीची दुसरी किल्ली, मॅडम. सर म्हणे, ते तुमच्या पर्समधी राह्यते."