क्लिफर्ड गारसाइडची सही

"बावीस वर्षांच्या वह्या चाळल्या," विल्फ म्हणाला. "क्लिफर्ड गारसाइड नावाचा माणूस इथे एकदाही आलेला नाही."

जॉयसने उचललेली किटली परत ओट्यावर ठेवली. "नीट बघितलंस?"

"अगं, मंगळवारपासून दुसरं काय करतोय मी?"

बाहेर थॉर्नडेलच्या फलाटावर गर्दी जमायला लागली होती. वाफेच्या गाड्यांचा हा वर्षातला मोठा शनिवार-रविवार. गळ्यात कॅमेरे अडकवलेले म्हातारे, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. गाडी दहा चाळीसला सुटायची होती. या रेल्वेवर इंजिन चालवणाऱ्या विल्फपासून चहा देणाऱ्या जॉयसपर्यंत सगळे हौसेने, बिनपगारी राबायचे. नियम मात्र कडक होता. कामाला हात लावण्याआधी हजेरीवहीत सही. सही नाही, तर माणूस आलाच नाही.

मंगळवारी मॉरीन गारसाइडचा फोन आला होता. नवरा ईस्टरच्या आधी वारला. बावीस वर्षं दर शनिवारी तो थॉर्नडेलला इंजिनं पुसायला यायचा. त्याची रक्षा इंजिनाच्या भट्टीत टाकाल का? इथे हौशी माणसाला असाच निरोप देत. विल्फने आजवर अकरा जणांना दिला होता. तो तत्काळ हो म्हणाला आणि मग त्याने वह्या काढल्या.

"तिला खरं सांगावं का?" त्याने विचारलं.

"नाही," जॉयस म्हणाली. "बिचारीने आयुष्यभर डबा भरून दिला असेल त्याला. आता काय सांगणार? येऊ दे तिला."

जॉयस पूर्वी फक्त रविवारी यायची. शनिवार आजारी बहिणीसाठी राखलेला असायचा. मार्चअखेर बहीण गेली, तेव्हापासून ती शनिवारीही येऊ लागली होती. घरी बसवत नाही म्हणायची.

मॉरीन दहा वाजता आली. सत्तरीची, ठेंगणी, निळा कोट घातलेली. हातात पिशवी, पिशवीत कागदात गुंडाळलेलं पुडकं.

"याआधी कधी आले नाही," ती म्हणाली. "धुराने मला दम लागतो. तुम्ही त्याच्याबरोबर काम केलंत?"

"हो, म्हणजे... खूपदा." विल्फने टोपी काढली, परत घातली. "कष्टाळू माणूस."

"क्लिफर्ड? घरात कप उचलून ठेवायचा नाही!"

जॉयसने चहा पुढे केला. "माझ्याकडे चहा प्यायचे ते. तीन चमचे साखर घालून."

"तीन! घरी डॉक्टरने साखर बंद केली होती. लबाड मेला." मॉरीन हसली आणि लगेच रुमाल शोधू लागली.

विल्फने मनातल्या मनात जॉयसला दाद दिली. शनिवारी ती इथे नसायचीच, पण ते मॉरीनला कुठे माहीत?

"एक मागू?" मॉरीन म्हणाली. "तुमच्या वहीतलं एक पान हवंय. त्याची सही असलेलं. आमची फिलिपा म्हणते, बाबा खरंच तिथे जायचे की कुठे भलतीकडे? माझ्या तोंडावर म्हणते हो. दोन महिने आम्ही नीट बोललेलो नाही. एकदा ते पान तिच्यासमोर ठेवायचंय."

विल्फ घाईने म्हणाला, "वह्या कुलपात असतात. किल्ली सेक्रेटरीकडे आणि ते आज..."

"किल्ली माझ्याकडे आहे," जॉयस म्हणाली. "बसा. आणते."

दहा मिनिटांनी ती पान घेऊन आली. आठ वर्षांपूर्वीचा एक शनिवार. चौदा सह्या खऱ्या होत्या, त्यांतली एक विल्फची. पंधरावी शेवटच्या रिकाम्या ओळीत होती. शाई वाळलेली दिसत होती. बायको नवऱ्याचं अक्षर ओळखणार नाही, असं कसं होईल?

मॉरीनने चष्मा लावला. पान डोळ्यांजवळ धरलं. एकेका ओळीवरून बोट फिरवत ती शेवटच्या सहीपाशी थांबली.

"त्याचंच अक्षर," ती म्हणाली. "आणि नावाखाली ही अर्धी रेघ. ती ओढल्याशिवाय हात थांबायचाच नाही त्याचा." तिने पानाची घडी घालून ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. "आता म्हणावं फिलिपाला, बोल."

दहा पस्तीसला मॉरीनने फलाटावरून पुडकं फावड्यावर ठेवलं. विल्फने ते भट्टीत लोटलं आणि शिटी ओढून धरली. पोरांनी कान झाकले. चहाला रांग लागली होती, तरी जॉयस एप्रनवरच फलाटाच्या टोकापर्यंत आली होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती तिथेच उभी दिसली.

विल्फ परतला तोवर मॉरीन निघून गेली होती. चहाच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तो खुर्चीत बसला आणि मोठ्याने हसला.

"बाई, तू तर पक्की चारसोबीस निघालीस! साखरेचा तुक्का लागला, ते एकवेळ ठीक. पण सही? तिने कुठे शंका घेतली असती म्हणजे? आणि ती रेघ कुठून आणलीस?"

जॉयस कप पुसत होती. पुसून झालेला कप तिने पालथा घातला.

"शनिवारी संध्याकाळी मी झोपलेली असले, तर तो उठवायचा नाही मला," ती म्हणाली. "उशाशी चिठ्ठी ठेवून घरी जायचा. खाली सही आणि ती रेघ."