लाल अक्षरं

पडद्यावर 'चुकीची माहिती' अशी लाल अक्षरं उमटली आणि खांबेटेकाकांनी फोनवरचं बोट झटकन मागे घेतलं.

"मला नाही जमायचं. औषधांचं सगळं आमची हीच बघायची. गेली बिचारी."

औषधांची आठवण करून देणारं हे अ‍ॅप मृण्मयीने आखलं होतं. समुपदेशन सोडून ती या कामात आली, तेव्हापासून आपण माणसांकडे पाठ फिरवली असं तिला सारखं वाटायचं. आता मात्र तिने फोन बाजूला ठेवला. काका बायकोबद्दल बोलत राहिले, ती ऐकत राहिली.

पुढच्या आठवड्यात काका पुन्हा अ‍ॅप वापरून बघायला आले आणि पुन्हा चुकले. या वेळी पडद्यावर आलं, 'हरकत नाही. सावकाश, पुन्हा बघू.'

काकांनी मान वर केली. "हे तुम्हीच बोलताय ना, ताई?"

मृण्मयीने मान डोलावली. काका हसले आणि त्यांनी पुन्हा बोट टेकवलं.