बाईंच्या वाट्याचे नऊ दिवस

न्यायालयाच्या यंत्राने सुदामच्या चोरीची कारणं शोधली आणि त्याची वर्षाची कैद त्या कारणांमागच्या माणसांत भोगायला वाटून दिली. त्यातले नऊ दिवस शाळेतल्या देशमानेबाईंवर आले. वर्गात काही हरवलं की त्या आधी त्याचंच दप्तर उघडत. बाई तणतणत तुरुंगात आल्या, त्या अपील करायलाच.

“करा की, बाई,” सुदाम म्हणाला. “दुकान मीच फोडलं. नऊ दिवस माझ्यावर येतील, पोरीचं बारसं तेवढं हुकेल.”

“दप्तरात तुझ्या कधी काही सापडलं होतं का रे?”

“एकदा. शिळी भाकरी. सगळे हसले.”

“मीसुद्धा?”

“तुम्ही आधी.”

बाईंनी चष्मा पुसला, तुरुंगाच्या कारकुनाकडून अपिलाचा अर्ज घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, “माझे नऊ दिवस फार कमी धरले आहेत. वीस करावेत.”