‘ळ’ची टिकली
गळ्याच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला आणि आंधळ्या नागसेनला घर मुकं झालं. मोबाईलवरची अक्षरं तिच्या भातलावणीनं जाडावलेल्या बोटांना सापडेनात, म्हणून त्यानं भोरहून जुना कंप्युटर आणला. लिहिलेलं वाचून दाखवणारा मराठी आवाज त्या जुन्या यंत्राला झेपेना. जुनाट हिंदी आवाज तेवढा चालला. सापडावं म्हणून आईनं ‘ळ’च्या बटणावर टिकली चिकटवली आणि लिहिलं. कंप्युटर बोलला, “जेवलास का, बाला?” “आये, ‘ल’ न्हाई, ‘ळ’ लिव.” बटणं खडखडली. कंप्युटर बोलला, “‘ल’च लिवलाय.” मग नागसेनला उमगलं, आई ‘ळ’च लिहीत होती, कंप्युटरच्या हिंदी जिभेला तो वळतच नव्हता. आठ दिवस खपून त्यानं त्या जिभेला ‘ळ’ शिकवला. तोवर आई पुण्याच्या दवाखान्यात गेली, ती परतलीच नाही. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीचे पाहुणे पांगल्यावर नागसेननं चाचपत टिकली शोधली आणि तिचंच वाक्य लिहिलं. कंप्युटरनं स्वच्छ विचारलं, “जेवलास का, बाळा?” “न्हाई, आये.”