खारूची उंची

"तुम्ही हिला काय पाजता ते आधी सांगा," असं म्हणत त्याने सासूबाईंच्या हातातला पेला घेतला आणि सिंकमध्ये उपडा केला.

"दूध," सासूबाई म्हणाल्या. "आता तेही गेलं."

जिममध्ये त्याला सगळे कपाट म्हणत. दारातून तो जरा तिरका होऊनच आत यायचा. तशी गरज नव्हती, पण बघणाऱ्यांचा हिरमोड कशाला करा? त्याची लेक चार वर्षांची. झाडावर चढावं तशी बापाच्या अंगावर चढायची, म्हणून तिचं नाव पडलं खारू.

खारू अलीकडे भलतीच वाढत होती. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा भराभर वर सरकत होत्या. "रक्त कुणाचं आहे!" असं कपाट येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

मग तिच्या कपाळावर पुरळ आलं. आवाज घोगरा झाला. बालवाडीत तिने एका मुलाला असं ढकललं की त्याचा दात पडला. आणि एके सकाळी वरच्या ओठावर काळसर लव दिसली. उंची बापाची होती. लव कुणाची, याचा शोध सुरू झाला.

"शरीरात बाहेरून काही गेलं की काय होतं, ते मला शिकवू नका," तो सासूबाईंना म्हणाला. "मी भोगलंय."

ते मात्र खरं होतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी गेल्या वर्षी त्याचे दंड वाढले, तशी छातीही वाढली, आणि नको तशी वाढली. "कपाटाला खण फुटले," म्हणून दोस्त खिदळले. बायकोने त्याला खारूची शपथ घातली आणि त्याने इंजेक्शनं त्याच दिवशी बंद केली. पण अंगातला मूळ कारखाना एव्हाना संपावर गेला होता. दिवसभर मरगळ, उगाच रडू यायचं. शेवटी प्रशिक्षकाने जेलची एक नळी आणून दिली. "आंघोळ झाली की खांद्यांना चोळ. औषध तेच, पण सुई नाही, म्हणजे शपथही मोडली नाही." नळीबरोबरचा माहितीचा कागद प्रशिक्षकानेच चुरगाळला. "वाचून कुणाचे दंड वाढलेत?"

जेलने कपाट पुन्हा माणसात आला. घरात उघडाच वावरू लागला.

"मी हिला काही पाजत नाही," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी उठली की घासून आंघोळ घालते, तिच्या उशीचा अभ्रा धुते. आता ह्यात काय पाप?"

"ते टॉनिक?"

"टॉनिक माझं आहे. गुडघ्यांसाठी."

"आई, तुम्ही आजच्या आज तुमच्या घरी जा."

बायको दारात उभी होती. तिने आईकडे पाहिलं, मग लेकीच्या ओठाकडे पाहिलं, आणि आईची बॅग भरायला घेतली.

त्या दिवसापासून खारूचं सगळं तोच बघू लागला. तिला आंघोळ करायचा कंटाळा, त्याला घालायचा. ती चिडली, आदळआपट करायला लागली की तो तिला उचलून घ्यायचा; त्याच्या खांद्यावर गाल टेकला की ती विरघळायची. "तुझ्याकडेच शांत होते रे ती," बायको म्हणायची, आणि तो रोज तिला तसाच झोपवायचा.

टॉनिक गेलं तरी लव गेली नाही. उलट दाट झाली.

डॉक्टरबाईंनी खारूच्या हाताचा एक्स-रे उजेडात धरला. "हाडं आठ वर्षांच्या मुलीसारखी झालीत. अशी मुलं आधी झपाट्याने वाढतात आणि मग फार लवकर, कायमची थांबतात."

"थांबतात?" बायकोने विचारलं.

"हिच्या रक्तात पुरुषी हार्मोन आहे. तिच्या शरीराने बनवलेला नाही, कुठून तरी येतोय. दिवसभर कोण सांभाळतं हिला?"

"मीच," कपाट म्हणाला. दंड मोकळे राहावेत म्हणून बिनबाह्यांचा बनियन घालूनच तो आला होता. खारू त्याच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. "हिच्या आजीला घालवून दिल्यापासून मी हिला कुणाच्या हातात देतच नाही."

डॉक्टरबाईंची नजर त्या चकचकीत खांद्यावर थांबली. "काय लावलंय तुम्ही?"

"हे होय? इंजेक्शनं कधीच सोडली मी, डॉक्टर. लेकीची शपथ आहे. हे नुसतं वरून लावायचं..."

"आधी तिला खाली उतरवा."