एक लाख लक्स

वेधशाळेच्या गच्चीवर रोज बरोबर बाराला हेमांगी सबनीस उजेड मोजणारा लक्समीटर उन्हात धरायची आणि आकडा एक लाखावर येईपर्यंत मागचा स्क्रू केसभर पिळायची. वरून हुकूमच तसा होता. मग रेडिओ सांगायचा, "आजही ऊन एक लाख लक्स. काळजीचं कारण नाही." डोळे कमी उजेडाला सरावतात, त्यामुळे लोकांना ते पटायचंही.

अक्षय्य तृतीयेला ती मीटर घेऊनच घरी आली. भर वैशाखात शाल पांघरून सासूबाई देवापुढे निरांजन लावत होत्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी हेमांगीने याच निरांजनापासून हातभर अंतरावर मीटर धरून पाहिला होता, तेव्हा चार लक्स भरले होते. आज तिने तसाच धरला.

सोळा.

वात तेवढीच, तूप तेच. मीटर चौपट फुगवून सांगत होता, आणि तो तसा तिनेच केला होता. सूर्य चौथाईच उरला होता.

"बघ गं, आज निरांजन कसं लख्ख तेवतंय!" सासूबाई हरखून म्हणाल्या. "देव प्रसन्न आहे आपल्यावर."

"हो ना," हेमांगी म्हणाली.

उद्या बाराला पुन्हा स्क्रू पिळायचा होता, आणि त्याचा आता जेमतेम अर्धा आटा शिल्लक होता.