फरक शून्य

मैदानाच्या दारातल्या यंत्राने हर्षलाची उजवी पोटरी धरून हलकेच पुढे ओढली. उजव्या गुडघ्यातल्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर तिची कबड्डी आता या दाराच्या हातात होती. गुडघा दुसऱ्या, चांगल्या गुडघ्याहून सैल निघाला की ते उघडत नसे, मग मंत्र्याची पोरगी का असेना.

"मांडी ढिली सोड गं!" प्रशिक्षक गावडे सर कातावले.

यंत्राने डावा, त्याच्या लेखी चांगला, गुडघाही ओढला आणि दोन्ही ताडून पाहिले. "फरक शून्य," म्हणत दार उघडलं.

सरांनी टाळी वाजवली. हर्षला मात्र दारातच थांबली. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्यातही असंच काहीतरी तुटलं होतं. संघातून काढतील म्हणून तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. म्हणजे उजवाही तितकाच सैल होता.

"ये की आत!" मैत्रिणी ओरडल्या.

आधी कोणता पाय टाकावा, तिला कळेना.